कडता

शनिवारी सेलूच्या मोंढ्यात शिबिर लागलं.
अडतीच्या ओट्यावर, सोयाबीनच्या थप्पीला खेटून
काचेचा एक काटा, पाट म्हणावा तेवढा.
तीस वर्षं मी लोकांचा माल तोलला,
मापाड्याला कुणी तोललं नव्हतं.

चपला काढून चढलो. सवयीनं तोंडातून निघालं, लाभ.
(आम्ही एक म्हणत नाही. लाभ, मग दोन, मग तीन.)
शहात्तर, सिस्टर म्हणाली,
भिंतीला पाठ लावायला सांगून डोक्यावर पट्टी टेकवली.
एकशे पासष्ट.
वजनाला उंचीनं भागलं,
आलं त्याला पुन्हा उंचीनं.
दोनदा कशाला, बाई?
सूत्रच तसं आहे, काका.
सत्तावीस पॉइंट नऊ.
पंचवीसच्या पुढचा चौकोन तिनं कार्डावर शोधला
आणि बरोबरची खूण केली:
लठ्ठ.

हा शब्द मी पगाराला लागलेला ऐकला होता.
मला गाव म्हणत आलं अंगानं भरला,
गयाबाईच्या हाताला चव आहे,
सोयरिकीला आलेले पोट बघून म्हणाले, खात्यापित्याचं घर.
एकाच मालाला इतके भाव.

माझ्या मागं खाजामियाँ, हमाल.
एकशे साठ उंची, वजन अठ्ठ्याहत्तर.
कार्डावर तो माझ्याहून लठ्ठ निघाला.
त्यानं सदरा वर केला.
क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा माणूस,
पोटाच्या जागीही फळीच.
चरबी किधर हाय, दिखाओ ना सिस्टर.

मी म्हणालो, बाई,
आमच्यात माल असा सरसकट धरत नाहीत.
बारदाना वजा होतो. ओल असली की कडता.
मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारतो,
माती किती, काडी किती, बघतो.
माणसात हाड किती, मांस किती,
तुमचा काटा सोडवतो का?
नाही, ती म्हणाली.
आढेवेढे नाहीत. मला ते आवडलं.
काटा किती ते सांगतो, कुठं ते सांगत नाही.

मग तिनं पोती शिवायची सुतळी मागितली.
टाळूपासून टाचेपर्यंत धरली, तोडली, मधोमध दुमडली.
ही अर्धी कमरेभोवती पुरली पाहिजे.
खाजामियाँला पुरली, वर चार बोटं उरली.
माझ्या पोटावर
दोन टोकं समोरासमोर आली आणि थांबली.
मधलं अंतर मी हातानं मापलं. वीतभर.

वीतभर पोटासाठी, म्हणतात ना सगळे.
तेच.

ही आतली असते, सिस्टर म्हणाली,
काळजाला, आतड्याला धरून बसते,
साखर वाढवते, रक्ताचा दाब वाढवते.
आजार म्हणून लिहितेय, काका. गुन्हा म्हणून नाही.

रात्री सदरा काढला.
बाहत्तर साली बाप खडी फोडायला जायचा,
त्याचा करदोडा कमरेवरून घसरायचा.
गाठ मागं घेत घेत टोक इतकं लोंबलं
की आईनं त्याला पेटीची किल्ली बांधली.
पेटीत काय होतं, आठवत नाही.
माझा करदोडा शोधावा लागतो, मांसाच्या घडीत.
खाली कातडीवर काळपट वळ,
बैलाच्या मानेवर जू घासून पडतो तसा.
ते आमच्यात कुणी दुखणं धरलं नाही.
घसरत होता तेव्हाही नव्हतं धरलं.

गयाबाईनं कार्ड उलटंपालटं केलं.
मग उद्यापासून एक भाकर कमी?
भाकर नको म्हणालो.
अडतीवरचे बारा चहा आहेत, प्रत्येकात दोन चमचे.
वजनाला बसायची खुर्ची आहे, तीस वर्षांची.
कडता कुठं धरायचा,
ती विचारत होती, मी विचारत होतो.

सकाळी मोंढा उघडला.
सुतळी खिशातच होती, दुमडलेली.
पहिलं पोतं काट्यावर आलं,
हमालानं माझ्याकडं बघितलं.
लाभ, म्हणालो,
पण उभा राहून.